मानवी सहभागाच्या वैद्यकीय संशोधनातील नैतिक तत्त्वे

माणसांवरील वैद्यकीय संशोधनात सहभागी व्यक्तीचे हक्क व हित जपण्यासाठी पाळायची तत्त्वे. नाझी डॉक्टरांच्या खटल्यातून १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहिता (माणसांवरील प्रयोगांसाठीचे नियम) निघाली, १९६४ मध्ये जागतिक वैद्यकीय संघटनेचे हेलसिंकी घोषणापत्र आले. तरीही अमेरिकेत टस्कीगी येथे सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांवर १९७२ पर्यंत नुसती नजर ठेवली जात होती. सिफिलिस बरा करणारे पेनिसिलिन हाताशी असूनही ते दिले गेले नाही. संहिता कागदावर असणे पुरेसे नसते, ते असे.

‘तुलनेच्या गटाला, म्हणजे नवा उपचार न मिळणाऱ्या रुग्णांना, काय मिळते?’ हा प्रश्न त्यामुळे कळीचा ठरतो. गोव्यातील संगाथ संस्थेशी निगडित ‘मानस’ चाचणीत (निष्कर्ष २०१०) नैराश्य व चिंताविकारांसाठी प्रशिक्षित समुपदेशक उपयोगी पडतात का, हे १२ सरकारी आरोग्य केंद्रांत आणि १२ खासगी दवाखान्यांत तपासले गेले. रुग्ण कोणत्या गटात जाणार, हे त्याच्या दवाखान्यावरून ठरले. मात्र जिथे समुपदेशक नव्हते, तिथेही तपासणीचा निकाल डॉक्टरांना कळवला गेला आणि उपचारांची मार्गदर्शिका दिली गेली.

भारतात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आणि औषध चाचण्यांसाठी २०१९ चे नियम लागू आहेत. संशोधनाला आधी मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत किमान सात सदस्य लागतात. त्यांपैकी निदान निम्मे संस्थेबाहेरचे, एक कायदेतज्ज्ञ, एक सामान्य नागरिक. वैद्यकीय परिभाषेला ‘म्हणजे काय?’ असे विचारणारा हा नागरिक खरे तर समितीतला सर्वांत उपयुक्त माणूस, पण त्याला बोलू दिले तर.

संमतीपत्र सहभागीला समजेल अशा भाषेत हवे. गोव्यात कोकणी आणि मराठीवाचून भागत नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्याला ते वाचून दाखवतात, तो अंगठा उठवतो आणि संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार सही करतो. खरी अडचण त्याआधीची असते. ‘डॉक्टर सांगतात म्हणजे बरेच असेल’ असे म्हणणारा रुग्ण संशोधनालाच उपचार समजतो. नकार दिला तरी नेहमीचे उपचार थांबणार नाहीत, मधूनच बाहेर पडता येते, हे त्याला तोंडी, सवड काढून सांगावे लागते. सात ते अठरा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत पालकांच्या संमतीबरोबर मुलाचाही होकार घेतात.

औषध चाचणीत गंभीर दुष्परिणाम झाल्यास संशोधकाने २४ तासांत कळवणे बंधनकारक आहे. चाचणीमुळे इजा झाली तर भरपाई देण्याची जबाबदारी प्रायोजकावर, म्हणजे चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीवर किंवा संस्थेवर असते.