टॉर्नेडो आणि आपली वावटळ
टॉर्नेडो म्हणजे गडगडाटी ढगाच्या बुडापासून थेट जमिनीपर्यंत गरगर फिरणारा हवेचा खांब. आपल्याकडे बातम्यांत वावटळ, वावधन (सोसाट्याच्या वाऱ्याचं वादळ), चक्रीवादळ, टॉर्नेडो सगळं एकाच नावानं खपवतात आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

विदर्भात एप्रिल-मे महिन्यात नांगरलेल्या वावरात भर दुपारी जी वावटळ उठते, कुटार-पालापाचोळा घेऊन धुऱ्यानं पळत जाते अन् थोड्या वेळात विरून जाते, ती तापलेल्या मातीतून वर उठलेली असते, तिला ढग लागतच नाही. चक्रीवादळ समुद्रावर तयार होतं, शेकडो किलोमीटर पसरतं, कित्येक दिवस चालतं. टॉर्नेडोचा पट्टा मात्र बहुतेक वेळा काहीशे मीटरचाच, आणि बहुतेक टॉर्नेडो दहा मिनिटांच्या आतच संपतात.

जोरदार टॉर्नेडो बहुतेक सुपरसेल नावाच्या, आतून फिरणाऱ्या मोठ्या गडगडाटी ढगातून येतात. खाली गरम दमट हवा, वर कोरडी थंड हवा, आणि उंचीनुसार वाऱ्याचा वेग अन् दिशा बदलत गेली की मधली हवा लाटण्यासारखी आडवी फिरायला लागते. ढगात जोरात वर चढणारी हवा या आडव्या लाटण्याला उभं करते. मग ढगाच्या मागच्या अंगानं खाली येणारी हवा जमिनीजवळ हे फिरणं आवळत आणते असं मानतात, आणि गोफणीची दोरी आखडली की गोटा जसा जोरात फिरतो तसा घेर कमी होताच वेग वाढतो. पण सगळ्याच सुपरसेलमधून टॉर्नेडो निघत नाही, बहुतेकांतून तर नाहीच.

अमेरिकेत वर्षाला साधारण 1200 टॉर्नेडो होतात, 18 मार्च 1925 च्या एकाच टॉर्नेडोत तिथं 695 माणसं गेली. पण सगळ्यात जास्त जीव गेले ते बांगलादेशात, 26 एप्रिल 1989 ला माणिकगंज जिल्ह्यात, सुमारे 1300. तिथली घरं कच्ची, टिनाची होती. हे वाचून मला आपलीच गावं दिसतात. वारा टिनाखाली शिरतो, छत उचलतो, आणि ते टिन, वर दाबून ठेवलेले गोटे, लाकडं हेच माणसाला लागतात, जास्त मरण या उडणाऱ्या वस्तूंनीच होतं. एका वावधनानंतर कडूनिंबाच्या बुंध्याला पोळीसारखं गुंडाळलेलं टिन मी जवळून पाहिलंय, हातानं सोडवता येत नव्हतं. ते वावधन होतं, टॉर्नेडो नव्हता, तरी एवढं! म्हणून आभाळ काळंनिळं झालं की टिनाच्या कोठ्यात थांबू नये, पक्क्या घरात खिडकीपासून दूर आतल्या खोलीत बसावं.

टॉर्नेडोची ताकद नंतर झालेल्या नुकसानीवरून ठरवतात. फुजिता या शास्त्रज्ञानं 1971 मध्ये ही मोजपट्टी दिली, 2007 पासून अमेरिकेत तिची सुधारलेली आवृत्ती वापरतात, शून्य ते पाच, पाचव्या पायरीला वारा ताशी 322 किलोमीटरच्या वर. याच फुजितांनी अमेरिकेतल्या 1974 च्या टॉर्नेडोंनंतर विमानातून पाहिलं की काही ठिकाणी झाडं फिरून नाही तर मधून बाहेरच्या बाजूला पडलीत, म्हणजे तिथं ढगातून थंड हवा धाडकन खाली आदळून पसरली होती. विदर्भातलं उन्हाळ्यातलं नुकसान बहुतेक याच जातीच्या सरळ वाऱ्याचं असतं. संत्र्याच्या बगीच्यात सगळी झाडं एकाच अंगाला झोपली तर सरळ वारा, अरुंद पट्ट्यात वेड्यावाकड्या दिशांना पिळवटून पडली तर टॉर्नेडोची शंका घ्यावी, आणि झाडं उचलायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत, कारण एकदा ढिगारा झाला की कोणतं झाड कोणीकडं पडलं होतं ते कोणालाच सांगता येत नाही.