तुती : निगा व कीडनियंत्रण (कोकण)

(तूत, हिं. शहतूत, कुल–मोरेसी, प्रजाती–मोरस). नाव फार्सी ‘तूत’वरून आले असावे. संस्कृत कोशांतील ‘तूद’शीही ते जोडले जाते, पण तूद हे नाव कापसाच्या झाडालाही दिलेले आढळते, म्हणून पहिले मत अधिक पटते. मोरस इंडिका स्वतंत्र जाती की मोरस आल्बाचाच प्रकार, यावर एकमत नाही. निगेच्या दृष्टीने त्याने फरक पडत नाही.

जमीन व छाटणी : जांभ्याच्या जमिनीत पाणी लवकर निचरते, परंतु जून ते सप्टेंबरच्या पावसात खोलगट आळ्यात ते तुंबते आणि मुळे कुजतात. लागवड वरंब्यावर करून पावसाळ्याआधी आळे मोडावे व खोडाशी मातीची भर द्यावी. जमीन आम्लधर्मी असल्यास माती तपासून चुना घालतात. मूळकूज झालेले झुडूप एकाएकी सुकते, हाताने ओढले तरी सहज उपटते, मुळाची साल बोटाने सुटते. ते मुळासकट काढून जाळावे; खड्डा उन्हात तापू द्यावा आणि शेजारच्या झाडांना ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला आवर घालणारी उपयुक्त बुरशी) मिसळून मुरवलेले शेणखत द्यावे. मोठी छाटणी पाऊस ओसरल्यावर करावी. बोथट कोयत्याने साल फाटते व बुरशीला वाट मिळते, काप तिरका घेऊन त्यावर बोर्डो मलम (मोरचूद १ किग्रॅ., चुना १ किग्रॅ., पाणी १० लि.) लावावे.

टुक्रा (शेंडा चुरगळण्याची विकृती) : शेंड्याची पाने चुरगळून गर्द हिरवी होतात, पेरी आखूड पडतात, शेंडा गुच्छासारखा दिसतो. हा विषाणुरोग असल्याचे मत पूर्वी मांडले गेले, आज मात्र गुलाबी पिठ्या ढेकणाच्या (पांढऱ्या मेणचट आवरणाची, रस शोषणारी कीड; मॅकोनेलिकॉकस हिर्सुटस) लाळेमुळे हे होते असे बहुतेक मानतात, व तेच सयुक्तिक दिसते. २००८ मध्ये भारतात आढळलेला पपईवरचा पिठ्याही (पॅराकॉकस मार्जिनेटस) तुतीवर येतो. बोटांत चिरडल्यास गुलाबी पिठ्याचा रस तांबूस, पपईवरच्याचा पिवळा निघतो. ही ओळख उपयोगी पडते, कारण दुसऱ्यासाठी २०१० मध्ये आणलेला अ‍ॅसेरोफॅगस पपायी हा परोपजीवी पहिल्यावर चालत नाही. गुलाबी पिठ्यासाठी तो खाणारे क्रिप्टोलिमस भुंगेरे सोडतात. त्यांच्या अळ्याही पांढऱ्या मेणचट तंतूंनी झाकलेल्या असल्याने पिठ्या समजून मारल्या जातात. अळी मात्र भराभर चालते.

प्रादुर्भाव उन्हाळ्यात वाढतो, पावसाने धुऊन जातो. गुच्छ झालेले शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात बुडवावेत, बांधावर टाकू नयेत. लिटरला ५ ग्रॅ. साबण घालून केलेली फवारणी पिल्लांवर लागू पडते; मेणाखालच्या अंड्यांपर्यंत ती पोहोचत नाही, म्हणून पुन्हा करावी लागते. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की वर पिठ्या आहे असे समजावे. चिकट स्रावासाठी मुंग्या त्याला जपतात, त्यांची वाट तोडल्याशिवाय भुंगेऱ्यांना काम करता येत नाही.

इतर : पावसाळ्यात पानांवर ठिपके, थंडीत पानाच्या पाठीवर भुरी व तांबेरा येतो, दाटी विरळ करून रोगट पाने काढावीत. केसाळ अळीची अंडी व लहान अळ्या एकाच पानावर थव्याने असतात, तेव्हाच ते पान तोडणे सोपे. फुलकिडे कोरड्या हवामानात येतात.

रेशीमकीटक व औषधे : तुतीचा पाला रेशीमकिड्याच्या अळ्यांना खाऊ घालतात, म्हणून फळासाठी लावलेल्या झाडाला चालणारे औषध पाला काढायच्या बागेला चालेलच असे नाही. ‘जैविक’ कीटकनाशक म्हणून विकली जाणारी ब्यूव्हेरिया ही बुरशी रेशीमकिड्याच्या पांढऱ्या मस्कार्डिन रोगाचेच कारण आहे (इटालियन शास्त्रज्ञ बास्सी, १८३५). कीटकनाशक म्हणून वापरला जाणारा बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जीवाणूही प्रथम १९०१ मध्ये जपानात आजारी रेशीमअळ्यांतून मिळाला. पाल्याच्या बागेत दोन्ही वर्ज्य. कोकणातला खास धोका शेजारच्या हापूसचा आहे : मोहोराच्या काळात तुडतुड्यांवर मारलेली पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशके वाऱ्याने तुतीवर येतात व तो पाला खाऊन अळ्या मरतात. कलमांच्या बागेपासून अंतर ठेवणे आणि फवारणीचा दिवस शेजाऱ्याकडून आधी कळवून घेणे हाच उपाय. शंका असल्यास पाला थोड्या अळ्यांना आधी घालून पाहतात.