चेस ऑलिम्पियाडचा फॉर्म कुठं भेटतो? पालकांनी आधी हे वाचा

चेस ऑलिम्पियाड म्हणजे देशादेशांच्या टीमची बुद्धिबळ स्पर्धा. 2024 ला बुडापेस्टमधे तिथं आपल्या ओपन आणि महिला दोन्ही टीमनं सोनं आणलं, त्यात नाशिकचा विदित गुजराथी अन् नागपूरची दिव्या देशमुख, तेव्हापासून आपल्या लातूर-परभणी-बीडकडचे पालक एकच विचारतात, ऑलिम्पियाडचा फॉर्म कुठं भरायचा. तर असा फॉर्मच नसतो. टीम म्हणजे चार बोर्डांवर खेळणारे चार आणि एक राखीव, सगळे मिळून पाच जण, आणि ते अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ निवडतो, त्यात रेटिंगला, म्हणजे खेळाडूच्या ताकदीच्या आकड्याला, लई वजन. फॉर्मच्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

आपल्या हातात आहे ते खालून सुरू करणं. महासंघाच्या साईटवर लेकराचं प्लेअर रजिस्ट्रेशन करायचं, त्याला जन्मदाखला, आधार, फोटो तयार ठेवा, आणि ते वेळच्या वेळी रिन्यू करा. फिडे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघ, त्याचा आयडी मात्र एकदाच निघतो, नंबर विसरला म्हणून दुसरा काढू नका.

गाडी अडते ती जन्मदाखल्यावर. माझ्याकडं शिकणाऱ्या एका पोरीच्या दाखल्यावर नावाच्या जागी नुसती रेघ होती, दवाखान्यातून नोंद गेली तेव्हा बारसंच झालेलं नव्हतं, आणि नंतर आईबाप ऊसतोडीला गेले ते राहूनच गेलं. नाव चढवायला चकरा मारेस्तोवर जिल्हा निवडीची तारीख गेली, पोरगी हॉलच्या दारात उभी राहून दुसऱ्यांचे डाव बघत होती. म्हणून सांगतो, दाखला आजच काढून बघा, आधारवरचं नाव अन् जन्मतारीख त्याच्याशी जुळवा, शाळेच्या दाखल्यातलंही बघा.

मग रेटिंग. क्लासिकलमधे, म्हणजे जास्त वेळाच्या डावात, रेटिंगवाल्या खेळाडूंशी पाच डाव झाले आणि हिशोब 1400 च्या वर आला की पहिलं रेटिंग लागतं, हे डाव एकाच स्पर्धेतले पाहिजेत असं काही नाही, 26 महिन्यांच्या आतले चालतात. पहिल्याच स्पर्धेत या रेटिंगवाल्यांसमोर शून्य आलं तर ती स्पर्धा धरतच नाहीत, तेव्हा लेकरावर रागवू नका. रेटिंगची यादी दर महिन्याच्या 1 तारखेला येते.

जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशी निवड होत गेली की ज्युनिअरसाठी बाहेरदेशी जायची वेळ येते, तेव्हा पासपोर्टसाठी धावपळ नको. लहान लेकराच्या पासपोर्टला जन्मदाखला आणि आईवडील दोघांच्या सहीचं संमतीपत्र लागतं, तो साधारण 5 वर्षच चालतो. छत्रपती संभाजीनगरला पोस्टातच पासपोर्ट केंद्र आहे, अपॉइंटमेंट ऑनलाईन घ्या आणि ओरिजिनल कागद सोबत न्या, नुसत्या झेरॉक्सवर काम होत नाही.