80 नव्हे, 76.4

2 मिमी जाडीच्या पत्र्याचा एल आकाराचा ब्रॅकेट करायचाय. बाहेरून मोजून एक बाजू 50 मिमी, दुसरी 30. सपाट पट्टी किती लांब कापाल? मी पहिल्यांदा सरळ बेरीज करून 80 कापली होती. वाकवल्यावर एक बाजू साडेतीन मिमीहून जास्त लांब निघाली.

पत्रा वाकतो तेव्हा त्याचा बाहेरचा थर ताणला जातो आणि आतला दबतो. अधेमधे एक थर असा असतो, ज्याची लांबी बदलतच नाही. बाकात, म्हणजे वाकलेल्या भागात, तो मध्यावरून आतल्या अंगाला सरकतो. हिशेब या थराचा करायचा. बाकाची आतली त्रिज्या 2 मिमी असेल आणि हा थर आतल्या पृष्ठभागापासून जाडीच्या 0.4 पट अंतरावर धरला, तर काटकोनी बाकाला सुमारे 4.4 मिमी पत्रा लागतो. प्रत्येक बाजूतून त्रिज्या आणि जाडी मिळून 4 मिमी बाकात जातात, म्हणून उरलेले सपाट भाग 46 आणि 26. झाले 76.4.

हा ताण डोळ्यांसमोर असला की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. बाकाला खेटून भोक ठेवलं तर तेही ताणलं जातं, गोलाचा अंडाकृती होतो. म्हणून भोकाची कड बाक सुरू होतो तिथून निदान जाडीच्या दुप्पट लांब हवी. आतली त्रिज्या जाडीपेक्षा फार कमी घेतली तर बाहेरचा थर तडकतो. बाकाची रेघ रोलिंगच्या, म्हणजे कारखान्यात पत्रा ज्या दिशेने लाटला त्या दिशेला समांतर असेल तर आणखी लवकर. कडेचा थोडाच भाग वाकवायचा असेल, तर बाकाच्या टोकाला छोटी खाच द्या, नाहीतर पत्रा तिथे फाटतो.

पत्रा लवचीकही असतो. दाब काढला की थोडा उलगडतोच, स्टेनलेस स्टील तर साध्या पोलादापेक्षा जास्त. त्यामुळे प्रत्येक बाकागणिक थोडी चूक साठते.

ती चूक जोडणीत बाहेर येते. चार बाक ओलांडून पलीकडचं भोक अचूक जुळावं, ही अपेक्षाच मला चुकीची वाटते. जुळायची भोकं शक्यतो एकाच सपाट भागावर घ्या. ते जमत नसेल तर एक भोक गोल ठेवा, ते जागा पक्की करेल. दुसरं लांबट करा, म्हणजे थोडा फरक पडला तरी स्क्रू बसतो. दोन्ही गोलच हवीत असा हट्ट असेल, तर जोडणी करणाऱ्याला एक गोल कानसही देऊन ठेवा.