माळ्यावरचा जुना पीसी चालू करण्याआधी
(आमच्या रामबाग, इंदूर येथील दुरुस्ती-ग्राहकांसाठी)

"चालतोय का बघू" म्हणून वीस-पंचवीस वर्षं बंद असलेल्या पीसीला थेट वीज देऊ नका. आधी झाकण उघडून बॅटरी बघा.

286, 386 आणि बऱ्याच 486 प्रोसेसरच्या मदरबोर्डांवर (पीसीच्या मुख्य सर्किट-पाटीवर), बहुधा कीबोर्डच्या सॉकेटजवळ, 3.6 व्होल्टची पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी डाखलेली असते. ती पाझरते. त्यातला क्षार तांब्याच्या रेषा खातो, हिरवट थर धरतो. व्हिनेगरने आम्ही तो साफ करतो, पण खाल्लेल्या रेषा एकेक तार टाकून जोडाव्या लागतात. बिल फुगतं ते इथेच. मशीन अजून वापरात असेल तर सेटअपमधले (सुरुवातीच्या सेटिंगच्या पडद्यावरचे) डिस्कचे आकडे वहीत उतरवा आणि मग मशीन बंद करून बॅटरी काढून घ्या. धडधाकट दिसली तरीही.

आता जुन्या पीसींना लावल्या जाणाऱ्या 'कम्पॅटिबल' (आयबीएमशी जुळणारा) या शब्दाविषयी. आयबीएमचा पीसी 1981चा, त्यानंतरचा एक्सटी 1983चा, एटी 1984चा. क्लोन, म्हणजे इतर कंपन्यांच्या नकला, त्यांच्यासारखे वागतात, पण प्लग बसला म्हणजे जोडी जमली असं नाही. एक्सटी आणि एटीच्या कीबोर्डांना एकच गोल पाच पिनांचा प्लग. संकेत मात्र निराळे. अक्षर उमटत नसेल तर कीबोर्ड उलटा करा, पोटाशी एक्सटी-एटी बदलणारा छोटा खटका सापडू शकेल. नुसता तो सरकवून आम्ही काहींना तसंच घरी पाठवलंय, पैसे कसले घ्यायचे!

पॉवर सप्लायचे पी-8 आणि पी-9 हे दोन प्लग अदलाबदल झाले तर बोर्ड जळू शकतो. काळ्या तारा मधोमध, एकमेकींना लागून आल्या पाहिजेत.

1.2 एमबीच्या ड्राइव्हमध्ये लिहिलेली 360 केबीची फ्लॉपी जुन्या ड्राइव्हला वाचता येईलच असं नाही, कारण तिचे ट्रॅक अरुंद पडतात. हार्ड डिस्कऐवजी मेमरी कार्ड लावणार असाल तर मोठं आणू नका: जुनं बायोस (मशीन सुरू करणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्राम) 504 एमबीपुढे सहसा जात नाही.

डब्यावरच्या टर्बो (वेग बदलायच्या) बटणाशेजारी झळकणाऱ्या आकड्यांवर मात्र विसंबू नका. ते वेग मोजत नाहीत. मशीन जोडणाऱ्याने जंपर (पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) लावून ठरवलेलेच आकडे दिसतात. 33 मेगाहर्ट्झच्या मशीनवर 66 झळकवणारा कोणी तरी असतोच.

येताना मॉनिटरही आणा. नऊ पिनांचा प्लग एकरंगी आणि रंगीत, दोन्ही कार्डांत बसतो, पण चुकीच्या कार्डावर जुना एकरंगी मॉनिटर जळू शकतो. घरी जोडून बघू नका.