एका पानाची वेल

दक्षिण फ्लोरिडातील एव्हरग्लेड्सच्या पाणथळ जंगलात सायप्रसच्या झाडाला शेंड्यापर्यंत वेढणारी जी हिरवी वेल दिसते, तिच्यावर असंख्य पाने आहेत असे वाटते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र वर चढणारा तिचा प्रत्येक लांबलचक दोर हे एकच पान असते. ही वेल म्हणजे लायगोडियम मायक्रोफायलम हा नेचा. त्याचे खोड जमिनीतच आडवे पसरते आणि पानाचा मधला दांडा आधाराला पीळ घालत वाढत राहतो, कधीकधी 30 मीटरपर्यंत.

हा नेचा मूळचा आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या उष्ण प्रदेशांतला. याच लायगोडियम कुळातली दुसरी एक जात आपल्या सह्याद्रीतही आढळते. फ्लोरिडात तो शोभेसाठी आला आणि 1960च्या दशकात रानात वाढताना आढळला. मायदेशी त्याला खाणारे किडे व माइट (कोळ्यांच्या वर्गातले सूक्ष्म जीव) फ्लोरिडात नव्हते. त्याचे बीजाणू धुळीसारखे बारीक असल्याने वाऱ्यावर दूरवर जातात, आणि मला सर्वांत चिंताजनक वाटते ते पुढेच आहे: एका बीजाणूपासून उगवलेल्या चिमुकल्या हिरव्या पात्यावर नर व मादी असे दोन्ही अवयव येऊ शकतात आणि त्यांचा आपसात संयोग होऊ शकतो, म्हणून दुर्गम वृक्षबेटावर (पाणथळीतल्या उंचवट्यावरच्या झाडांच्या पुंजक्यावर) नवी वसाहत व्हायला एकच बीजाणू पुरतो.

पुढे पानांची जाड गोधडी झाडोऱ्यावर पसरते, खालच्या रोपांचा प्रकाश अडतो आणि भाराने झाडेही कोसळतात. आगीचे संकट याहून गंभीर आहे. एरवी गवताळ भागातला वणवा सायप्रसच्या बुंध्याशी साचलेल्या पाण्यापाशी थांबतो, परंतु नेच्याची वाळलेली पाने शिडीसारखी त्याला थेट शेंड्यापर्यंत नेतात, आणि तिथली झाडे अशा आगीसाठी घडलेलीच नाहीत.

निर्मूलन करणारे कामगार वेल कंबरेच्या उंचीवर कापतात, वरचा भाग झाडावरच वाळू देतात आणि खालच्या भागावर तणनाशक फवारतात. वरचा भाग ओढून काढला, तर झाडाच्या फांद्या मोडतात आणि बीजाणूही उधळतात. हेच बीजाणू कपड्यांना व अवजारांना चिकटून दुसऱ्या बेटावर जाऊ शकत असल्याने काम संपताच सफाई करावी लागते, आणि जमिनीतल्या खोडाला पुन्हा फुटवे येत असल्याने त्याच जागी वारंवार परतावे लागते.

2008 मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेला निओमुसोटिमा कॉन्स्पर्केटॅलिस हा पतंग तिथे सोडण्यात आला. त्याच्या अळ्या या नेच्याची पाने खातात, काही ठिकाणी तर तपकिरी सांगाडेच उरतात. हा पतंग तिथे रुजला आहे, मात्र नेचा त्याने नाहीसा झालेला नाही. कापणी आणि फवारणी चालूच आहे.