घरात सर्दी आणतं कोण?

बालवाडी सुरू होऊन पंधरवडा उलटत नाही, तोच फोंड्यापासून पेडण्यापर्यंत घराघरांत नाकं गळायला लागतात. खापर फुटतं ते पावसात भिजण्यावर, नाहीतर आइस्क्रीमवर. बिचारं आइस्क्रीम! सर्दी होते विषाणूंमुळे, आणि ते वाटत फिरण्यात तीन-चार वर्षांच्या पोराचा हात धरणारं घरात दुसरं कोणी नसतं.

मूल जन्मतं तेव्हा आईच्या वारेतून मिळालेली, रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडं त्याच्या रक्तात असतात. सहाएक महिन्यांत ती बरीचशी ओसरतात. पुढे जो विषाणू भेटेल त्याच्याशी पहिलीच गाठ. सर्दी आणणाऱ्या एकट्या ऱ्हायनोव्हायरस या विषाणूचेच दीडशेहून अधिक प्रकार आहेत आणि एकाशी झालेली झुंज दुसऱ्याच्या वेळी फारशी कामी येत नाही. त्यामुळे लहान मुलाला वर्षातून ६ ते ८ वेळा सर्दी झाली, तरी त्याची प्रकृती नाजूक आहे असं मानायचं कारण नाही. मोठ्यांचं दोन-तीनदात भागतं, कारण यातले बरेच प्रकार त्यांनी आधीच भोगलेले असतात.

अनोळखी विषाणूला आवर घालायला शरीराला वेळ लागतो. तेवढ्यात तो नाकाघशात भरपूर वाढतो आणि जास्त दिवस बाहेर पडत राहतो. फ्लू झालेला मोठा माणूस साधारण आठवडाभर विषाणू सोडतो; लहान मूल दहा दिवस, कधी त्याहूनही जास्त. हात-पाय-तोंडाच्या आजारात तर पुरळ सुकून गेल्यावरही कित्येक आठवडे शौचातून विषाणू जातच असतात. पोर खेळायला लागलं म्हणजे संसर्ग संपला, हा आपला गोड समज.

त्यात वागणं. एकच खेळणं चौघांच्या तोंडात, शेंबूड बाहीला, बाही आजीच्या पदराला. दोन वर्षांच्या पोराला खोकताना कोपर पुढे धर म्हणून काय सांगणार! मोठ्यांनी हात धुवावेत हे बरं. उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही. तिथे साबण आणि वाहतं पाणीच हवं.

चवथीला सगळं गोत मूळ घरी जमतं आणि नातवंडं आजी-आजोबांच्या मांडीवर असतात. न्यूमोनिया करणारा न्यूमोकोकस हा जीवाणू कित्येक धडधाकट मुलांच्या नाकाघशात काही त्रास न देता राहतो, आणि तिथून म्हाताऱ्यांना गाठतो. अमेरिकेत २००० साली बाळांना त्याची लस सुरू झाली. पुढच्या काही वर्षांत, ही लस न घेतलेल्या वृद्धांमध्येही त्याचे गंभीर आजार ठळकपणे घटले. या सगळ्या विषयातला मला हाच सर्वांत बोलका पुरावा वाटतो. भारतात ही लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर लागू झाली. सरकारी आरोग्य केंद्रात ती बाळाला दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर मोफत टोचतात.